डावीकडे, खाली

आमचे शेजारी सबनीस झाडू उचलला तरी आधी त्यात गोळी नाही ना, ते बघतात. टोक जमिनीकडे, बोट दांड्याला सरळ चिकटलेलं. मग नसलेला लिव्हर खाली ओढून आत डोकावायचं आणि ओरडायचं, "मोकळी!" त्यानंतरच झाडू खांद्याला.

खरी रायफल आहे हो त्यांच्याकडे, लिव्हरची, परवान्याची. दर शनिवारी इथे आयर्लंडात, लिमरिकबाहेरच्या रेंजवर कागदावर नेम धरायचे. पण हे दोन हजार एकवीस साल, लॉकडाऊनचं. रेंज बंद, पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, रायफल लोखंडी कपाटात कुलपात. म्हणून परसात झाडू. आणि माझं ऑफिस स्वयंपाकघरात, खिडकी नेमकी त्यांच्या परसाकडे. मीटिंग, भांडी, मीटिंग, मधूनमधून "मोकळी!" नुसता वीट आला होता.

एकदा माझ्या लेकीचा चेंडू पलीकडे गेला. ती भिंतीवर चढली तर हे किंचाळले, "थांब! नेमाच्या पुढे कोणी यायचं नाही!"

"अंकल, इट्स अ ब्रश."

"रिकामी आहे असं कधी धरायचं नाही," म्हणत त्यांनी झाडू 'मोकळा' करून बाजूला टेकवला, तेव्हा कुठे चेंडू मिळाला. समोरच्या आयरिश आजीबाईंनी मला हळूच विचारलं, "युअर मॅन ग्रँड आहे ना?" म्हणजे इथल्या बोलीत, हा गडी ठीक आहे ना? मी म्हटलं, "ग्रँड." दुसरं काय सांगणार, कपाळ!

एका शनिवारी खिचडी जास्त झाली म्हणून डबा घेऊन भिंतीशी गेले. सबनीस बाकावर बसून टार्गेटच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडत होते. नियमांचा हा पुतळा!

"काय हो सबनीस, ही लबाडी?"

ते ओशाळले. "बाबांसाठी, वहिनी. नागपूरला असतात. शाळेत पोरांना नेमबाजी शिकवायचे, आधी झाडूच्या दांड्यावर, मग रायफलीवर. कोविडमधून उठले, पण आता कोणाशी बोलतच नाहीत. जेवलात का विचारलं तर नुसती मान. फक्त शनिवारी माझं टार्गेट बघतात. रेंज बंद आहे हे सांगितलंच नाही मी. मला तर तिकडे जाताही येत नाही."

भोकं सगळी डावीकडे, खाली.

"अहो, पाडायचीच तर मधे तरी पाडा!"

"मधे पाडली की 'छान' म्हणतात आणि फोन ठेवतात."

तेवढ्यात व्हिडिओ कॉल लागला. सबनीसांनी कागद कॅमेऱ्यापुढे धरला. पलीकडून घोगरा, दमलेला आवाज आला, "अरे गाढवा, पुन्हा डावीकडे खाली! चापाला हिसका देतोस. हळू दाबायचा असतो. खांदा दाखव."

सबनीसांनी फोन भिंतीवर उभा केला आणि झाडू खांद्याला लावला. "असा, बाबा?"

"कोपर खाली! किती वर्षं सांगतोय?"

"चुकलं, बाबा."

दोन्ही हात झाडूला, डोळे पुसणार कशाने? बाबा बोलतच राहिले. डबा ठेवून मी गुपचूप परतले.

पुढच्या शनिवारी मीटिंग सोडून मी त्यांना टोक केलेली पेन्सिल नेऊन दिली. म्हटलं, "सबनीस, आज एखादी उजवीकडेही जाऊ द्या. जरा जास्त रागावतील."