आजोबांची तहान

आळशी माणसांनी जगात जेवढी सुधारणा केली तेवढी कष्टाळू माणसांना जमलेली नाही, हे माझं ठाम मत आहे. पाण्याचे पंप दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने रोज तांब्या घेऊन झाडांना पाणी घालत बसणं म्हणजे विद्येचा अपमान. म्हणून गांजाची तीन रोपं लावायची ठरली तेव्हा मी बायकोला छाती फुगवून सांगितलं, "नोमुसा, या झाडांना माणूस लागणारच नाही. ती आपलं आपण पाणी पितील. मी एकदम तोडणीलाच हजर होणार."

"आणि मी काय करायचं?"

"तू कौतुक करायचं."

"मला यातलं काहीही माहीत नाही," नोमुसा म्हणाली आणि गाईकडे निघून गेली. पुढे हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की तिचं तिलाही ते खरं वाटायला लागलं असावं.

पोलिसांची भीती नव्हती. आमच्या देशात आपल्या घरात, आपल्यापुरती झाडं लावायला आता कायद्याची हरकत नाही. भीती होती ती नातेवाइकांची. डर्बनकडच्या स्वीटवॉटर्स गावातल्या आमच्या टेकडीवर तुमच्या कुंपणाच्या आत काय शिजतंय हे तुमच्याआधी शेजाऱ्यांना कळतं. परसात लावली असती तर पहिलं पान फुटायच्या आत तीन मामा आणि एक पाद्री विचारपूस करून गेले असते. घरात तर मुलीच्या लग्नात आलेल्या भेटींचे खोके अजून छतापर्यंत रचलेले. उरली आजोबांची झोपडी.

ही झोपडी म्हणजे अंगणातली गोल, गवताने शाकारलेली खोली. दारासमोरच्या भिंतीपाशी आमच्या पूर्वजांची जागा. काही कार्य असलं की तिथे मडक्यात ज्वारीची बिअर ठेवायची, रात्रभर पूर्वजांनी तिचा आस्वाद घ्यायचा, सकाळी आपण घ्यायचा. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. अंधारी, थंडगार, शांत जागा. आजोबा असते तर त्यांनी स्वतःच मला ती दाखवली असती, असं मी मनाची समजूत घालत म्हणालो. मनाची समजूत घालण्यात मी पंपांइतकाच तरबेज आहे.

पाण्याचा सरंजाम माझा मित्र वाइझमन याच्याकडून आणला होता. कुंड्या, जांभळा दिवा, सुती वाती आणि एक बादली. बादलीतून वात निघते, कुंडीच्या मातीत शिरते आणि झाडाला हवं तेवढं पाणी ओढून देते. फक्त बादली पहिल्याच दिवशी तडकली. वाइझमनला फोन केला तर तो म्हणाला, "दुसरं काहीही वापर. पाणी राहिलं म्हणजे झालं." समोरच आजोबांचं बिअरचं मोठं काळं मडकं होतं. मी ते धुतलं, पाण्याने भरलं, तिन्ही कुंड्यांत फिरवलेली एक लांब वात मागच्या बाजूने काठावरून आत सोडली आणि वर विणलेली झाकणी ठेवली. कुंड्यांपुढे दिव्याचा उजेडही बाहेर येणार नाही अशा दाट वेताच्या चटया उभ्या केल्या. दारातून बघणाऱ्याला दिसणार काय, तर पूर्वजांची जागा, मडकं आणि नव्या चटया. एखाद्या भाविकाचं घर वाटावं!

झाडं वाढली, फुलली. मी आठवड्यातून एकदा आत डोकावायचो आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन बाहेर यायचो.

अशात थोलाकेले आत्या आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, झोंडींच्या घराण्यातला शेवटचा शब्द. आमच्यात जन्म, मरण, लग्न आणि कोंबडीचं भांडण, सगळं तिच्या होकाराने होतं. आधी कळवून येणं तिला माहीत नाही. टॅक्सीतून उतरली ती स्वतः गाळलेल्या बिअरची बादली घेऊनच, आणि घरात पाय न टाकता थेट झोपडीकडे वळली.

"आधी बाबांना भेटते," ती म्हणाली. बाबा म्हणजे माझे आजोबा. मी धावत मागे गेलो.

दार उघडताच ती थबकली. नाक वर केलं. "झिबुसे, वास कसला रे?"

कोनाड्यात इम्पेफो होता. पूर्वजांना हाक मारताना आम्ही जो सुका पाला जाळतो, तो. मी मूठभर पेटवला. झोपडी धुराने भरली. "याचाच वास, आत्या. आजोबांसाठी जाळतो."

"रोज?"

"दोनदा," मी म्हणालो. इथेच तोंड आवरायला हवं होतं.

आत्याचे डोळे भरून आले. धुराने असतील, पण मला वाटलं मायेने. "तुझ्या बापाला हे कधी सुचलं नाही," ती म्हणाली. "घे, ही बिअर ओत मडक्यात." मी नको कसं म्हणणार? तिने झाकणी उचलण्याआधी मीच पुढे झालो, मडक्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बिअर ओतली आणि झाकणी घाईघाईने वातीवर दाबली.

सकाळी आत्याची हाक आली. मडकं वीतभर रिकामं झालं होतं. वातीने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं.

आत्या मडक्यासमोर गुडघे टेकून बसली होती. "बाबा प्यायले," ती म्हणाली. "एवढे कधी पीत नाहीत ते. तहानलेत."

"बिअर उडूनही जाते, आत्या. उकाडा आहे."

"उकाडा?" ती शाल आवळत म्हणाली. जुलै महिना होता, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.

तिने मडकं पुन्हा भरलं. दुसऱ्या सकाळी ते आणखी खाली गेलं. आत्याने फोन हातात घेतला आणि दुपारपर्यंत डर्बनपासून न्कुथूपर्यंतच्या तमाम झोंडींना बातमी पोचली की म्हातारा पितोय. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. मडक्यात डोकावायच्या, जीभ टाळ्याला लावून टॉक करायच्या आणि माझ्याकडे आदराने बघायच्या. एवढा आदर मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

"वात काढून टाका," नोमुसा स्वयंपाकघरात कुजबुजली. "प्यायचे थांबले की आत्याबाई जातील."

सल्ला चांगला होता. मी वात काढली. सकाळी मडकं काठोकाठ भरलेलं. मी निश्चिंत होऊन चहा पीत होतो, तोच आत्या दारात आली. चेहरा पडलेला.

"शिवले नाहीत," ती म्हणाली. "बाबा रुसले."

"पोट भरलं असेल, आत्या."

"माणूस दोन दिवस घटाघट पितो आणि तिसऱ्या दिवशी तोंड फिरवतो, तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. नुसत्या बिअरवर भागवताय, म्हणतायत. त्यांना गाय हवी."

आमच्या गोठ्यात गाय एकच. नोमुसाची कोसाझाना. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाकडून आईच्या मानाची म्हणून जी गाय येते, ती. मुलीला वाढवल्याबद्दलचा तो आईचा मान. तिच्यावर नवऱ्याचा हक्क नसतो, दिराचा नसतो, कुणाचाच नसतो. नोमुसा त्या गाईशी जेवढं बोलते त्याच्या निम्मंसुद्धा माझ्याशी बोलत नाही, आणि गाईशी जास्त गोड बोलते.

"ती नोमुसाची आहे, आत्या."

"बाबांपुढे माझं-तुझं काय करतोस? नोन्दाबा, तू दिवसातून दोनदा इम्पेफो जाळणारा माणूस!" घराण्याच्या मानाच्या नावाने मला हाक मारत तिने कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

नोमुसाने सगळं दाराआडून ऐकलं होतं. ती शांत होती. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही, शांत झाली की मी घराबाहेरचं काम शोधतो. "अहो," ती म्हणाली, "गाय गेली तर तुम्ही पण जा. त्या झोपडीत. कायमचे."

मी डोकं लढवलं. न पिणं म्हणजे रुसणं असेल, तर पिणं म्हणजे रुसवा जाणं. आजोबा पुन्हा पिऊ लागले की प्रकरण मिटलं. मी गुपचूप वात परत घातली, घाबरून एकीच्या जागी तीन घातल्या. सकाळी मडक्याचा तळ दिसत होता.

आत्याने दोन्ही हात वर केले. "गाईचं नाव काढलं आणि सगळी संपवली! बाबांनी होकार दिला!"

आता सांगा, यावर माणसाने काय करावं?

शनिवारी सगळे जमले. डर्बनचे, न्कुथूचे, कुणाचे कोण हे मलाही माहीत नसलेले. बायकांनी चुली पेटवल्या. मोझेस काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आजोबांचा भाला घासून चकचकीत करून घेऊन आले होते आणि दिसेल त्याला त्याची धार दाखवत होते. नोमुसा गोठ्यात कोसाझानाच्या गळ्यात हात टाकून उभी होती. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

इतक्या वर्षांत मी तिला मानाचं असं काही दिलं नव्हतं. जे मिळालं होतं ते जावयाने दिलं होतं, आणि तेही मी माझ्या लाजेपायी भाल्याखाली द्यायला निघालो होतो. मला स्वतःचीच किळस आली.

झोपडीत वडीलधारी मंडळी भिंतीला टेकून बसली होती. आत्या मडक्यासमोर बसून आजोबांशी बोलत होती. "बाबा, तुमच्या नातवाने गाय आणली आहे..."

"नाही आणली," मी म्हणालो.

सगळ्या माना वळल्या. मी गुडघ्यावर बसलो. "आजोबांनी एक घोटही घेतलेला नाही. बिअर झाडं प्यायली." आणि चटया बाजूला केल्या.

तीन झाडं. बिअर पिऊन पानं पिवळी पडलेली, माना लोंबकळलेल्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसारखी. पण बोंडं मात्र मुठीएवढी. दिव्याचा जांभळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला.

आत्या सावकाश उठली, एक वात चिमटीत धरून तिने मडक्यातून ओढून काढली आणि माझ्याकडे बघितलं. "वास मला पहिल्याच दिवशी आला होता. बाबांची चिलीम लहानपणी मीच भरायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय सोडतोस ते बघत होते. गाय की लाज." मग तिचा चेहरा जरा गोंधळला. "पण झाडं पितायत हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, बाबांची बिअर तूच ढोसतोयस."

म्हणजे इतके दिवस माझ्या घरी राहून, माझ्या हातचा चहा पिऊन, ही बाई मला पूर्वजांच्या मडक्यात तोंड घालणारा चोर समजत होती!

मोझेस काका झाडांपाशी गेले. वाकून वास घेतला. "हे पाप आहे," ते म्हणाले. पुन्हा वास घेतला, या वेळी डोळे मिटून. "फार मोठं पाप आहे." बाकीचे वडीलधारेही एकेक करून पापाची खात्री करून आले. मग तिथेच निवाडा झाला. गाय नोमुसाची, ती नोमुसाकडेच राहील. माणसं जमलीच आहेत तर कोंबड्या कापाव्यात, त्या माझ्या. आणि झाडं जप्त. ती मंडळी स्वतः जातीने जाळून नष्ट करतील, थोडी थोडी करून, सावलीत बसून.

झाडं उपटून बाहेर आणली आणि गोठ्याच्या कुंपणाला टेकवून ठेवली. मी नोमुसाकडे जाऊन निवाडा सांगितला. ती रडली, हसली, मला एक धपाटा घातला आणि कोसाझानासाठी मका आणायला पळाली. आनंदाच्या भरात गोठ्याचं फाटक उघडंच राहिलं. आम्ही सगळे कोंबड्यांच्या मागे धावत होतो. म्हाताऱ्यांनी सावलीत खुर्च्या गोल मांडल्या, एकाने कुठून तरी जुनी चिलीमही पैदा केली.

मोझेस काका झाडं आणायला गेले ते तिथेच उभे राहिले.

कोसाझाना कुंपणापाशी उभी होती. तिसऱ्या झाडाचं शेवटचं देठ तिच्या तोंडात होतं. ती ते संथपणे चघळत होती. जमिनीवर तीन मुळं आणि एक वात पडली होती. आमच्या देखत तिने वातही खाल्ली. मग पुढचे पाय दुमडून ती खाली बसली आणि टेकडीकडे अशा काही समाधानाने बघत राहिली की मला तिचा हेवा वाटला.

म्हातारे एकेक करून गोळा झाले. मग मोझेस काकांनी घसा खाकरला.

"थोलाकेले," ते आत्याला म्हणाले, गाईवरून नजर न हटवता. "मी काय म्हणतो, बाबांना गाय खरंच नको होती का, हे एकदा परत विचारून बघायचं का?"

"विचारायला काय हरकत आहे?" मागून कुणीतरी म्हणालं. "मांस सगळ्यांना थोडं थोडं पुरेल."

मक्याची टोपली खाली ठेवून नोमुसाने मोझेस काकांच्या हातातला भाला काढून घेतला.

इतकी वयस्कर माणसं इतक्या वेगाने कुंपण ओलांडताना मी पहिल्यांदाच पाहिली. सगळ्यात पुढे मी होतो.