पान तीनशे बाराचं सुतक

ऐन बांगड्याच्या दिवसांत गजाकाकांनी मासे सोडले. आमच्या मालवणकडच्या किनाऱ्यावर याच्याएवढी मोठी बातमी सहसा होत नाही. मासळीवालीने सकाळीच माझ्या दारात टोपली टेकवून चौकशी केली, की काकांचं पोट बिघडलंय की त्यांनी माळ घातलीय.

मी त्यांची शेजारीण, आणि गावच्या वाचनालयाची ग्रंथपालही. त्यामुळे रोगाचं मूळ माझ्याच कपाटात असणार, हे मला आधी कळायला हवं होतं. मी विचारलं, तर काका खालच्या आवाजात म्हणाले, "सुतक आसा. वासुदेव गेलो."

वाडीत तीन वासुदेव. तिघांनाही मी त्याच सकाळी पाहिलं होतं आणि त्यातला एक तर माझ्याशी भांडलाही होता. मी विचारलं, कुठला वासुदेव?

"पान तीनशे बारा."

मग उलगडा झाला. दोन आठवड्यांपूर्वी मीच त्यांना वासुदेव नावाच्या एका तांडेलाच्या, म्हणजे गलबताच्या म्होरक्याच्या, आयुष्यावरची जाडजूड कादंबरी दिली होती. शेवटी घराकडे परतताना तांडेलाचं गलबत बुडतं. लेखकाने त्याला बुडवला आणि सुतक आलं गजाकाकांना.

काकांनी तीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली. गावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदलेला आहे. एवढी माणसं हाताखालून गेल्यावर माणसांबद्दल आपुलकी वाढते म्हणतात. काकांची संपली. लग्नाला जात नाहीत, बारशाला जात नाहीत, सत्यनारायणाचा प्रसाद कुंपणावरूनच घेतात. "जित्या माणसांचां काय खरां नाय गो बाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारचा बंड्या चाळीस वर्षं रोज "बरां आसा" म्हणतो, पण त्याच्या मनात काय असतं ते देवाला ठाऊक. वासुदेवाच्या मनातलं मात्र काकांना सगळं ठाऊक, कारण ते छापलेलं होतं.

पुस्तकातल्या माणसांशी त्यांचे संबंध अगदी घरगुती. एका कादंबरीतल्या सासूच्या गोड बोलण्याला सून फसते, तर त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं: 'हिच्यावर विश्वास ठेवू नये.' पुढच्या चार वाचकांनी ते पुस्तक अर्ध्यावरच परत आणून दिलं. दुसऱ्या एका कथेतल्या मुलीचं लग्न जमत नव्हतं म्हणून ते सावंतवाडीचं एक स्थळ घेऊन माझ्याकडे आले होते. चेष्टेत आले असावेत असं मी आजही मानते. पत्रिका मात्र खरी होती.

पण या सुतकावर गाव चिडलं, आणि त्याला कारण होतं. काकांचे सख्खे थोरले भाऊ, अण्णा, दोन वर्षांपूर्वी वारले. दोन्ही घरं शेजारी शेजारी, मध्ये दगडांचा गडगा. तो गडगा वीतभर इकडे की तिकडे, यावरून दोघे बारा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. काका स्मशानात गेले, रीतीपुरतं सगळं केलं आणि कोरड्या डोळ्यांनी घरी आले. गावाने ते डोळे नीट पाहून ठेवले होते.

मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, काका, सख्ख्या भावासाठी कधी डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि या कागदाच्या माणसासाठी मासे सोडलेत?

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "अण्णाच्या मनात काय होतां, तां खंय लिवलेलां होतां गो?"

मी कादंबरी परत करायची आठवण करून दिली आणि निघाले. अशा वेळी नियम फार उपयोगी पडतात.

महिना झाला तरी पुस्तक येईना. कुडाळच्या एक शिक्षिका त्यासाठी खोळंबल्या होत्या. शेवटी एका दुपारी मीच आणायला गेले. घर उघडं, आत कोणी नाही. आवाज आला तो गडग्यापलीकडून.

अण्णांच्या पडवीत काका खुर्चीवर बसले होते. समोर वयनी, म्हणजे अण्णांची बायको. काचबिंदूने तिची नजर पार गेली आहे. काका मोठ्याने वाचत होते आणि मी खांबाशी थबकले, कारण त्यांच्या वाचनात वासुदेव बुडाला नव्हता. फळीला धरून तो किनाऱ्याला लागला होता आणि कुणाच्या तरी घरी पेज पीत होता.

काकांनी मला पाहिलं. ते ना गडबडले ना लाजले. कादंबरी मिटून माझ्या हातात दिली, भिंतीच्या फळीवरची आंब्याच्या रोग-किडींची सरकारी पुस्तिका घेतली, ती मधेच उघडली आणि त्याच सुरात पुढे वाचू लागले. पुस्तकी भाषेत, एकही शब्द न अडखळता.

"वासुदेव भावाच्या अंगणात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी हाक कशी मारावी ते त्याला कळेना."

तिथे मात्र ते थांबले.

"मगे?" वयनीने विचारलं. "भाव काय म्हणालो?"

काकांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. तुडतुड्यांची चित्रं माझ्या बाजूने स्पष्ट दिसत होती. मग पदर सारखा करत वयनीच म्हणाली, "'जेवक ये' म्हणालो आसतलो. तो रोजच वाट बघत होतो, भावजी."

काकांनी त्या पानावर बोट ठेवलं.

"व्हय," ते म्हणाले. "तसांच लिवलांहा."