गुरगुरणारा प्रोजेक्टर

चष्मेवाल्याला घरात थिएटर करायचं होतं आणि त्याच्या बायकोला फक्त झोपायचं होतं. घराखालचा छापखाना सहा महिन्यांपूर्वी बंद पडला, साधारण तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. त्या दुपारी ती प्रोजेक्टरच्या दुकानात आली तीसुद्धा, एकटा सोडला तर नवरा भिंतीएवढं काहीतरी उचलून आणेल या धास्तीने.

दुकानदाराने दोघांना आतल्या अंधाऱ्या खोलीत सोफ्यावर बसवलं.

"आधी हे जुनं मॉडेल बघा साहेब, म्हणजे नव्यातला फरक कळेल."

भिंतीवर निळं पाणी पसरलं. त्यावरून एक होडी अगदी सावकाश निघाली. काळा रंग किती काळा असावा हे दुकानदार समजावत होता, एवढ्यात चष्मेवाल्याच्या खांद्यावर बायकोचं डोकं टेकलं. ती चक्क घोरत होती. आनंदाने तो श्वास घ्यायचा विसरला.

"आता हा नवा बघा. आवाज म्हणून नाही!"

खरंच नव्हता. बायकोने लगेच चुळबुळ केली. "अहो, आलं का घर?"

"पहिला लावा, पहिला!" चष्मेवाला कुजबुजला.

"साहेब, त्याचा पंखा गुरगुरतो."

"गुरगुरू द्या."

गुरगुर सुरू झाली आणि ती पुन्हा गाढ झोपली. त्या आवाजात चष्मेवाल्याला एकदम छापखाना ऐकू आला. पंचवीस वर्षं ती त्याच घरघरीवर झोपत आली होती, आणि आपण तिला गोळ्या देत बसलो! त्याला स्वतःची लाज वाटली.

दुकानदार मात्र इरेला पेटला. त्याने तिसरा लावला, चौथा लावला. दर वेळी बायकोच्या पापण्या हलायच्या आणि चष्मेवाल्याला घाईघाईने नावं ठेवावी लागायची.

"होडीवाला आजारी दिसतोय."

"बरं, हा?"

"पाणी कोरडं वाटतं."

चष्मे विकणारा, म्हणजे डोळ्यांच्या धंद्यातला माणूस म्हटल्यावर दुकानदाराने तेही मानलं. शेवटी त्याने काचेच्या कपाटातला, कुणालाच न दाखवलेला प्रोजेक्टर काढला. "आता यात खोट काढून दाखवा."

"फार गप्प आहे हो."

दुकानदार मटकन खाली बसला. "साहेब, तो जुना विकायचा नाहीच. तो वाईट दिसायला ठेवलाय. तो गेला तर बाकीचे चांगले कसे दिसणार?"

"ते माझ्यावर सोडा. गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवा, चष्मा देतो."

रविवारी दुपारी प्रोजेक्टर घरी लागला. गुरगुर ऐकू यावी म्हणून सिनेमाचा आवाज बंद ठेवावा लागला. बायको पहिल्या पाच मिनिटांतच झोपली. तेवढ्यात दुकानदार दारात हजर! असला माल दिल्याचं त्याच्या मनाला लागलं होतं. हातात नवा पंखा होता.

"फुकट बदलून देतो साहेब."

"हात लावाल तर खबरदार! बसा आणि सिनेमा बघा."

दुकानदार बसला. थोड्या वेळाने त्याचीही मान कलली आणि पंखा मांडीवरून गालिच्यावर घरंगळला.

भिंतीवरची नायिका मुक्याने रडत होती. कशासाठी, ते चष्मेवाला अंदाजाने ताडत होता. तेवढ्यात बायको झोपेत खुदकन हसली. मग त्याने भिंतीकडे पाठ केली आणि तिच्याकडेच बघत बसला. तिच्याकडे चाललेला सिनेमा नक्कीच जास्त चांगला होता.