सोमाला एखादं मत

बाहत्तर साली पावसाने लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला, आणि दहिवलीपलीकडच्या त्या गावात पाण्याआधी लोकशाही येऊन पोचली. परदेशी संस्थेचा साहेब जीपमधून उतरला, कोरड्या विहिरीत डोकावला आणि बराच वेळ बोलला. ग्रामसेवक हिरामणने ते थोडक्यात सांगितलं. "जगाचं हवामान बदलतंय म्हणतात. हातपंप देतील. पण पाणी समितीचा चेअरमन मतपेटीतून निवडा."

"निवडलाय की. आबाजी," लोक म्हणाले.

देवळात सुपारी ठेवायची आणि आबाजींनी ती उचलायची, अशी तिथली वीस वर्षांची निवडणूक. साहेबाला ती पटेना. समोर कुणीतरी उभं हवंच.

सगळ्यांनी सोमाकडे पाहिलं. त्याची बायको ठकूबाई रोज दीड कोस चालून नदीच्या डबक्यातून दोन हंडे आणायची. तिचे गुडघे आता जिना नसलेल्या घरातही कुरकुरत. पंपाची निकड सोमाइतकी कुणालाच नव्हती.

"तू फकस्त उभा राहा नि पड," आबाजी म्हणाले.

"पडाया काय, तेवढंच जमतंय मला."

मतदानाच्या आदल्या दिवशी मात्र सोमाला धास्ती बसली. आपल्याला एकही मत पडलं नाही, तर साहेबाला हे सोंग कळेल आणि पंप जाईल. तो कोंडाजीकडे गेला.

"एखादं मत टाक रं माझ्याकडं. दिसाया बरं."

कोंडाजी हो म्हणाला. पण कोंडाजी विसरभोळा, म्हणून सोमा पुतळाबाईकडे गेला. पुतळाबाई पडली आबाजींची चुलतबहीण, म्हणून धोंडीकडे. दिवस मावळेपर्यंत एकेचाळीस घरं झाली. हीच धास्ती घेऊन आबाजीही सोमासाठी मत मागत त्याच दारांतून फिरून गेलेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते एखादं मत आपणच टाकायचं, असं मग घराघरातल्या प्रत्येकाने मनाशी ठरवलं.

हिरामणने दोनदा मोजलं. सोमा अठ्ठ्याऐंशी, आबाजी एक.

"त्ये एक कुनाचं रं?" आबाजींनी विचारलं.

"माझं," सोमा म्हणाला.

साहेबाने सोमाचा हात धरून फोटो काढवला. मग तो बोलू लागला, तसा हिरामणचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हनतात?" सोमाने विचारलं.

"वीस वर्षांची सत्ता गेली आणि एकाचंही डोकं फुटलं नाही. इतकी धडधाकट लोकशाही त्यांनी कुठं पाहिली नाही म्हणतात. तिला आधाराची गरज नाही. पंप चौक गावाजवळच्या दुसऱ्या एका गावाला जाईल."

"तितं काय हाय?"

"तिथं मतपेटी विहिरीत फेकली."

"मग मतं भिजली आसतील."

"नाही. विहीर कोरडी होती."

जीप गेली. सोमा घरी पोचला, तर दारात रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली. सर्वांत पुढे आबाजी.

"काय रं चेअरमन, पान्याचं काय करतोस?"

वीस वर्षं हा प्रश्न त्यांनी नुसता ऐकला होता. विचारायचं सुख आज पहिल्यांदाच मिळत होतं.

सोमाने रांगेवरून नजर फिरवली. अगदी शेवटी ठकूबाई उभी होती, दोन हंडे घेऊन.