तेत्सुझोआजोबांची कवळी

लहान मुलांच्या मनात काय चाललंय हे आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं, असं तेत्सुझोआजोबा छातीठोकपणे सांगत. जन्मभर त्यांनी बालवाडीची बस चालवली होती, त्यामुळे दोन वर्षांची नात नागि म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ! मोठ्या माणसांवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. सध्या तर सगळा संशय सुनेवर होता.

साओरिला टापटिपीचं भारी वेड. मुलगा बिऱ्हाड घेऊन इथं राहायला आला आणि घरातल्या वस्तू गायब होऊ लागल्या. आधी आजोबांचं भिंग गेलं, मग शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, पटावरचा राजा, मग एक मोजा. विचारलं की साओरि शांतपणे म्हणे, "असेल कुठंतरी, बाबा." इतकं शांत कोण बोलतं? त्यात परवा मुलानं वेगळ्या घराचा विषय काढला. म्हणजे आधी सामान जाणार, मग नात जाणार.

आणि मंगळवारी सकाळी कवळीच गेली!

मंगळवार हा जळाऊ कचऱ्याचा दिवस. साओरि नुकतीच पिशवी टाकून आली होती. आजोबा झोपायच्या कपड्यांतच कोपऱ्यावर धावले. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून घातलेली जाळी त्यांनी उचलली, आपली पिशवी हुडकली आणि कोपरापर्यंत हात घातला.

"कुरोसेसान, हे काय चाललंय?"

मागे शेजारच्या मुराईबाई उभ्या होत्या. या आठवड्यात कचऱ्यावर देखरेखीची पाळी त्यांची होती.

"माफे दाफ," आजोबा म्हणाले. "फुनेनं फेकले."

"दात? जळाऊत?" मुराईबाईंचा चेहरा कडक झाला. "अहो, ते न जळणाऱ्यात टाकायचे असतात. शुक्रवारी."

पिशवीसकट आजोबांना घेऊन त्या थेट दारात आल्या आणि साओरिला दात टाकायचा नियम ऐकवू लागल्या. साओरिनं तो ऐकलाच नाही.

"मी तुमचे दात फेकले असं वाटलं तुम्हाला?" ती आजोबांकडं वळली. "वेगळं घर नको म्हणून मी भांडले, बाबा. आता मीच जाऊन बघते एखादं."

तेवढ्यात आतून 'टण्ण' असा आवाज आला. तिघंही आत धावली.

वारलेल्या आजीच्या स्मरणार्थ मांडलेल्या ठेंगण्या देव्हाऱ्यापुढं नागि गुडघ्यांवर बसली होती. घंटा वाजवून तिनं हात जोडले होते. आजोबा रोज सकाळी तिथं भात ठेवत आणि नातीला सांगत, आपल्याला आवडतं ते आधी आजीला द्यायचं. आजीच्या फोटोमागं भिंग, राजा आणि मोजा ओळीनं मांडलेले होते. भाताच्या वाटीत कवळी हसत होती.

"आजीला," नागि म्हणाली.

"हे हिला कुणी शिकवलं असेल, बाबा?" साओरिनं अगदी शांतपणे विचारलं.

मुराईबाईंना अचानक काम आठवलं. आजोबांनी कवळी धुऊन बसवली, कारण माफी तरी स्पष्ट मागायला हवी. मग ते कमरेत वाकले.

"चुकलं माझं, पोरी. जाऊ नका तुम्ही."

"आधी बाहीवरची टरफलं काढा," साओरि म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

नागि मात्र विचारात पडली होती. आजीला दिलेलं सगळं परत गेलं होतं. तिनं घरभर नजर फिरवली, ती आजोबांवर येऊन थांबली. मग ती त्यांच्या मागं गेली आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, त्यांना देव्हाऱ्याकडं ढकलू लागली.

"आजोबा आजीला!"

आजोबांनी दाराची चौकट घट्ट धरली. "थांब गं बाई," ते म्हणाले, "एवढ्यात नको."