वानखडे मास्तरांचं चिलखत

आमच्या अकोल्यात मे महिन्यात अंगावर बनियन ठेवायचं म्हटलं तरी जिवावर येतं, आणि आमचे शेजारी वानखडे मास्तर पत्र्याचं चिलखत घालून दूध आणायला जातात. नाटकातलं पुठ्ठ्याचं नव्हे. जुन्या कूलरच्या बॉड्या कापून, ठोकून केलेलं, युरोपातल्या घोडेस्वार सरदारांसारखं. छातीला पत्रा, पाठीला पत्रा, डोक्यावर टोप. टोपाची झापड वर करून विचारतात, "गाईचं हाय का म्हशीचं?"

मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाले, मोबाईलवर त्या सरदारांच्या लढाया पाहिल्या आणि कामातून गेले. भेटेल त्याला धरतात. "तलवार पत्र्याले काईच करत नाई, घसरते. मानूस मरते ते बगलेतून, नाईतर गुडघ्याच्या मांगून. जिथं सांधा, तिथं मरन!" आणि माझ्या गुडघ्यांकडे असे बघतात की मला युरिक ॲसिड आठवतं.

ते सरदार चिलखताखाली गोधडीसारखा जाड अंगरखा घालत, घावाचा दणका बसू नये म्हणून. पण अकोल्यात गोधडी घालणार कोण? मास्तरांनी आत कूलरचा वाळा भरला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. गल्लीभर ओली रेघ सोडत फिरले. चार दिवसांत पत्रा गंजला, पाठीवर पुरळ उठलं. "लढाईत इतकं चालते," म्हणाले.

म्हातारपणी माणसं भजनाला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. हा तिसरा प्रकार मला बघवेना. एकदा वैतागून विचारलंच, "मास्तर, काहून जिवाले छळून राहिले?"

टोप काढून ते पायरीवर बसले. "दादा, हे एकट्यानं घालता येत नाई. मांगचे पट्टे दुसऱ्यानंच बांधा लागते. त्या सरदारांजवळ चाकर होते. मायाजवळ तुमची वयनी हाय."

वहिनींना संक्रांतीच्या सुमारास अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला. बोटांना रोज काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. चेंडू दिला, तो त्यांनी फेकला. कणीक दिली, तर रडू लागल्या. जन्मभर मळलेली कणीक मळता येईना. पण नवरा पत्र्यात अडकून पाठमोरा बसला की त्या हसत, शिव्या देत आणि बक्कल लावू बघत.

"म्हनून पट्टे वाढवत गेलो," मास्तर म्हणाले. "पट्टे लावाले जागा पाह्यजे, म्हनून चिलखत वाढलं."

वहिनींचा हात काही सुधारत नव्हता. सुधारणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार.

गेल्या आठवड्यात वहिनींना दुसरा झटका आला. काल मास्तर चिलखत घालून बाहेर आले, तर मागचे सगळे पट्टे लोंबत होते आणि पुढचा पत्रा त्यांनी हातानं धरून ठेवला होता.

"थांबा मास्तर, मी लावून देतो," म्हणत मी पुढे झालो. ते झटकन मागे सरले.

"नोका, दादा. सकायपासून लावून राहिली होती ते. पट्टे नुसते आत सरकवले. मी म्हनलं, पक्के बसले. लई खूश झाली. उठलो अन् सारे सुटले." आवाज खाली आणून म्हणाले, "खिडकीतून पाहून राहिली. तुमी हात लावसान तर तिले समजन."

मी वर पाहिलं. वहिनी खिडकीत होत्या.

मास्तरांनी त्यांना हात केला. मग त्यांना पाठ दिसू नये म्हणून, तोंड खिडकीकडेच ठेवून, मास्तर उलट्या पावलांनी गल्लीच्या टोकापर्यंत गेले.