पाण्याची रेघ

फट्! काचेच्या बोटभर कुपीतलं द्रावण फेसाळून टेबलावर आलं आणि संशोधक विद्यार्थ्यानं झटकन बटण सोडलं. कुपी मिठाच्या पाण्यानं धुतल्यावर साध्या पाण्यानं विसळायची राहिली होती. खारट पाण्यात हजार व्होल्ट सोडल्यावर दुसरं काय होणार?

द्रावणात लांबलचक रेणू होते. विजेचा झटका बसला की ते सगळे एका दिशेला वळतात, अडवून धरलेला प्रकाश पलीकडे निसटतो आणि पडद्यावरची रेघ उसळी घेते. झटका थांबल्यावर ती किती सावकाश उतरते, त्यावरून रेणूंची लांबी कळते. हे रेणू त्याच्या मार्गदर्शक मॅडमच्या गुरूंनी, थोरल्या सरांनी, महिनेन्‌महिने खपून तयार केले होते. बाटली एकच, आणि तीही या कुपीत रिकामी झालेली. आणि सर आज स्वतः येणार होते.

"आज रेघ उसळली नाही, तर तुझा प्रबंध विसर," मॅडमनी सकाळीच बजावलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. त्यानं कुपी घाईघाईनं विसळली, तीत शुद्ध पाणी भरलं आणि जागेवर ठेवून दिली.

थोरले सर धापा टाकतच आत शिरले. "अजून सुरू नाही ना केलंत? जरा थांबा, मी..."

"सर, तुम्ही बसा हो! सगळं तयार आहे," मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलंच. "दाब रे बटण."

त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. उघडून पाहतो तर रेघ सपाट. पुन्हा दाबलं. सपाटच.

"काय करून ठेवलंस तू?" मॅडमचा आवाज चढला.

"त्याला नको रागावू," सर खाली मान घालून म्हणाले. "बाटलीत पाणीच होतं. भरताना माझ्या हातून सगळं सांडलं. तुला सांगायची हिंमत होईना, म्हणून पाणी पाठवलं. म्हटलं, कुणी उघडायच्या आत जाऊन बदलून टाकू."

मॅडमचा राग कुठल्या कुठे गेला. "अरे, माफ कर हं मला," त्या विद्यार्थ्याला म्हणाल्या.

ही माफी मात्र त्याला सोसवेना. "मॅडम, बाटलीतलं माझ्याकडून उतू गेलं. कुपीत आत्ता मी भरलेलं पाणी आहे."

"म्हणजे पाणी घालवलंस, आणि कुणाला कळू नये म्हणून पाणी भरलंस?"

"हो."

सर खो खो हसत सुटले. "प्रबंध होऊ दे गं त्याचा. निदान कबूल तरी केलं!" त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे खरं. पण एवढंच, आज जुन्या बाटलीच्या तळाशी सापडलेलं. भर बाळा."

विद्यार्थी दोन पावलं मागे सरला. "सर, तुम्हीच भरा ना."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले. "मॅडम भरतील."

मॅडमनी बाटली उचलली आणि अलगद पुन्हा रुमालात ठेवली.

"आधी आपण चहा घेऊ," त्या म्हणाल्या.